दारू, गोळी आणि यकृत

दिवसभराच्या कामाने अंग दुखले की दारू, सकाळी डोके ठणकले की गोळी. आष्टीसारख्या गावात आपण हे पाहतो. रोज पिणाऱ्याचे यकृत आधीच थकलेले असते. त्यावर पॅरासिटामॉल जास्त झाली तर ते निकामी होऊ शकते. डायक्लोफिनॅकने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आपल्या मनाने गोळी देऊ नये; घरातली सगळी पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत.

डोळे पिवळे झाले, पोट फुगले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा असंबद्ध बडबड दिसताच १०८ ला फोन करावा.

दारू सोडायचीच, पण रोज पिणाऱ्याने एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. आजाऱ्याला हिणवू नये. पाचवे शील सारे घर मिळून पाळू.