वेढा पडलेल्या शहरातली शेतखरेदी

(पवित्र शास्त्र अभ्यास. वाचन : यिर्मया ३२ : १-२५)



जमीन केव्हा घ्यावी आणि केव्हा घेऊ नये, हे आपल्या लोकांना कुणी शिकवावे लागत नाही. सातबारा पाहायचा, शेतात जायला वाट आहे का ते पाहायचे, हद्दीवरून भाऊबंदांत तंटा आहे का याची चौकशी करायची आणि मगच बयाणा द्यायचा. आता पुढचा व्यवहार डोळ्यांसमोर आणा. शेत ज्या गावात आहे तो सारा मुलूख शत्रूच्या सैन्याने व्यापला आहे. राजधानीला वेढा पडला आहे, आत उपासमार आणि रोगराई आहे. घेणारा स्वतः कैदेत आहे. त्याला बायको नाही, मूल नाही, म्हणजे मागे वारस नाही. शिवाय हे राज्य बुडणार, असे तोच गेली कित्येक वर्षे कानीकपाळी ओरडून सांगत आहे. अशा माणसाने रोख पैसे मोजून ते शेत विकत घेतले, तर आपण त्याला काय म्हणू?

तो माणूस म्हणजे यिर्मया संदेष्टा. काळ इसवी सनापूर्वी ५८७ च्या आसपासचा. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष चालू होते आणि बाबेलच्या नबुखद्रेस्सर राजाच्या फौजा यरुशलेमच्या तटाला भिडल्या होत्या. शहर पडणार, राजा पकडला जाणार, असे यिर्मया उघड बोलला, म्हणून राजाने त्याला राजवाड्यातील पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवले होते. तिथे त्याचा चुलतभाऊ हनमेल त्याला भेटायला आला. अनाथोथचे माझे शेत तू घे, जवळचा नातलग म्हणून सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे, असे त्याचे म्हणणे. अनाथोथ हे यिर्मयाचे जन्मगाव, यरुशलेमपासून चार-पाच किलोमीटरवर. हनमेलच्या मनात काय होते ते शास्त्र सांगत नाही. मला तर वाटते, शेत हातचे जाणारच आहे, निदान चार पैसे तरी पदरात पडावेत, असा त्याचा साधा हिशेब असावा.

यिर्मयाने शेत घेतले. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिले, सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. खताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. त्या आपला लेखनिक बारूख याच्या हाती सर्वांसमक्ष दिल्या आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. अब्राहामाने साराच्या दफनासाठी मकपेलाची जमीन घेतली ती हकिकत सोडली, तर इतक्या तपशिलाने लिहिलेला जमिनीचा व्यवहार पवित्र शास्त्रात विरळाच. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे परमेश्वराचे अभिवचन होते आणि यिर्मयाने त्यावर चांदी मोजली.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. आपण बहुधा पंधराव्या वचनापाशी थांबतो. सोळाव्या वचनापासून यिर्मया प्रार्थना करू लागतो. आरंभी देवाची थोरवी, मिसर देशातून केलेली सुटका, सर्व काही रीतसर. शेवटी मात्र मनातले बाहेर येते. तटाला मोर्चे लागले आहेत, तू बोललास तसेच सारे घडते आहे, हे तूही पाहतोस, आणि तरी मला म्हणालास की शेत विकत घे! म्हणजे व्यवहार पुरा झाल्यावर त्याला शंका आली. बहुतेकांची शंका आधी येते आणि तिच्यापायी पाऊल पुढे पडत नाही. यिर्मयाने आज्ञा पाळली आणि मग तीच शंका घेऊन तो देवापुढे बसला. देव त्याच्यावर रागावला नाही, त्याने त्याला उत्तर दिले.

आशा म्हणजे काय, हे नीट समजायचे असेल तर अठ्ठाविसावा अध्यायही वाचायला हवा. ही गोष्ट शेतखरेदीच्या काही वर्षे आधीची. इ. स. पूर्व ५९७ मध्ये नबुखद्रेस्सरने तरुण राजा यखन्या आणि त्याच्याबरोबर पुष्कळ लोकांना बाबेलला नेले होते. मागे राहिलेल्यांचे डोळे त्यांच्या वाटेकडे लागले होते. अशा वेळी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत सारे परत येतील, मंदिरातली नेलेली पात्रेसुद्धा परत येतील. लोकांना याहून गोड काय ऐकायचे होते? यिर्मयाचे उत्तर मोठे हृद्य आहे. तो आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो! त्यालाही तेच हवे होते. पण हवे आहे म्हणून ते देवाच्या तोंडी घालायला तो तयार नव्हता. बाबेलमधल्या लोकांना त्याने पत्र लिहिले (अध्याय २९) : घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे लागतील.

दोन वर्षे की सत्तर वर्षे? आपल्या धर्मग्रामात हनन्या काही कमी नाहीत, आणि ते सारे मनाने चांगले आहेत. ते आजाऱ्याच्या खाटेशी बसतात आणि डॉक्टरांनी वेगळेच सांगितलेले ठाऊक असूनही म्हणतात, दोन महिन्यांत खडखडीत बरा होशील. कुणाचा कारखाना बंद पडला, कुणाच्या डोक्यावर कर्ज झाले, तर एक नोव्हेना करा, नवव्या दिवशी काम झालेच समजा! नोव्हेना करावी, बरे होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, यिर्मयानेही आमेन म्हटलेच की. पण देवाच्या नावाने तारीख देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तारीख टळते. मग आजारी माणूस आजार तर सोसतोच, वर आपलीच श्रद्धा कमी पडली असे समजून कुढत राहतो. हे दुसरे दुखणे आपण दिलेले असते.

अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आठवा (लूक २४). अनोळखी सोबत्याला ते सांगतात, की येशूच इस्राएलची सुटका करील अशी आम्ही आशा धरून होतो. भूतकाळात बोलतात! त्यांचीही आशा तारखेची होती, आणि शुक्रवारी दुपारी ती तारीख टळली होती. ज्याच्याविषयी ते बोलत होते तो त्यांच्याबरोबरच चालत होता, पण त्यांना वाटले होते तशा रूपात तो आला नव्हता. भाकर मोडली तेव्हा त्यांनी त्याला ओळखले.

भाकरीवरून आपल्याच काळातल्या एका धर्मपित्याकडे वळू या. व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुयेन वान थुआन. नावातच गोव्यात चिरविश्रांती घेणारा आपला संत आहे. १९२८ मध्ये जन्म, १९६७ पासून न्हा त्रांगचे बिशप. एप्रिल १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांना सायगॉनच्या आर्चबिशपांचे उत्तराधिकारी म्हणून नेमले आणि थोड्याच दिवसांत, ३० एप्रिलला, सायगॉन कम्युनिस्टांच्या हाती पडले. १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, त्यांना अटक झाली. पुढची तेरा वर्षे त्यांनी कैदेत काढली, त्यांतली नऊ एकान्तवासात. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. मुदत ठाऊक असलेला कैदी भिंतीवर रेघा तरी ओढतो. यांना तेही नव्हते.

पहिल्या दिवसांत त्यांना चीनमध्ये बारा वर्षे कैद भोगलेले अमेरिकन बिशप वॉल्श यांची आठवण झाली. त्यांचे आयुष्य वाट पाहण्यातच गेले होते. वान थुआन यांनी विचार केला : प्रत्येक कैदी सुटकेची वाट पाहतो, आणि कदाचित ती कधीच होणार नाही. तेव्हा मी वाट पाहणार नाही, समोरचा क्षण प्रेमाने भरून टाकीन. पण क्षण भरायचा कशाने? हाती ना चर्च, ना वेदी, ना लोक. त्यांनी सात वर्षांच्या एका मुलाला जुनी कॅलेंडरे आणायला सांगितली आणि पाठकोऱ्या पानांवर आपल्या लोकांसाठी रोज काही वचने लिहू लागले. मुलगा ती घरी नेई, त्याची भावंडे नकलून काढीत. अशी १००१ चिंतने झाली, आणि तेच त्यांचे ‘आशेचा मार्ग’ हे पुस्तक.

मार्च १९७६ मध्ये त्यांना खिडकी नसलेल्या कोठडीत टाकले. उकाडा इतका की श्वास घेण्यासाठी ते जमिनीवर पालथे पडून दाराखालच्या भोकाशी तोंड नेत. ओल इतकी की चटईवर भूछत्रे उगवली. तिथे त्यांची सर्वांत मोठी तगमग वेगळीच होती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचे वय, अंगात उमेद, मागे धर्मप्रांतातली अर्धवट राहिलेली कामे, सेमिनरी, शाळा, नवे मठ. देवाने हे सारे का हिरावून घेतले? एका रात्री त्यांना अंतःकरणात उमजले, की ही देवाची कामे होती, देव नव्हे. कामे तो दुसऱ्यांकडून करवून घेईल, आपण देवाला निवडले आहे. ते स्वतः लिहितात, की या विचाराने त्यांना शांती मिळाली. कोठडी तीच राहिली, उकाडाही तोच राहिला.

अटकेनंतर आवश्यक वस्तूंसाठी लोकांना पत्र लिहायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी पोटाच्या दुखण्यावरचे ‘औषध’ मागितले. लोक काय ते समजले. त्यांनी छोट्या बाटलीत मिस्साचा द्राक्षरस पाठवला, वर पोटदुखीचे औषध अशी चिठ्ठी लावली, आणि ओल लागू नये म्हणून मिस्साच्या भाकरीच्या चकत्या टॉर्चमध्ये लपवल्या. त्या दिवसापासून रोज तळहातावर द्राक्षरसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पू लागले. पुढे छावणीत पन्नास-पन्नास कैदी एका फळीवर झोपत, प्रत्येकाला हातभर जागा. दिवे गेले की ते अंथरुणावरच वाकून पाठ असलेली मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून ख्रिस्तप्रसाद पुढे सरकवीत. सिगारेटच्या पाकिटांच्या कागदाच्या छोट्या पिशव्या करून त्यांत पवित्र ख्रिस्तशरीर ठेवले जाई. पहारेकरी आधी दर पंधरवड्याला बदलत. पुढे बदल बंद झाला, कारण या बिशपच्या संगतीने सगळेच पोलीस ‘बिघडतील’ अशी वरिष्ठांना भीती वाटू लागली!

२१ नोव्हेंबर १९८८ रोजी ते सुटले. १९९१ मध्ये देश सोडावा लागला, तो कायमचा. २००० साली प्रायश्चित्तकाळात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यापुढे त्यांनी आशा हाच विषय घेऊन आध्यात्मिक साधना घेतली, २००१ मध्ये ते कार्डिनल झाले आणि १६ सप्टेंबर २००२ रोजी कॅन्सरने वारले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या ‘स्पे साल्वी’ (आशेने तारलेले) या परिपत्रकात त्यांची साक्ष उद्धृत केली, आणि २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना पूजनीय घोषित केले.

मडक्यातले खरेदीखत आणि तळहातावरचे चार थेंब, दोन्हींत एकच श्रद्धा आहे. पुढे काय होणार हे दोघांनाही दिसत नव्हते. पण ज्याने वचन दिले तो दोघांच्या ओळखीचा होता, म्हणून अडकलेल्या जागीच आज करण्यासारखे काहीतरी त्यांना सापडले. आपल्यासाठी ते वचन आता नुसते शब्द राहिलेले नाही. क्रुसावर मेलेल्या पुत्राला पित्याने उठवले, आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. त्याने त्या थोमाला दाखवल्या.

इथे कुणाला वाटेल, की एवढे बळ माझ्यात नाही, मला तर प्रार्थनाही सुचत नाही. त्यांनी स्तोत्र ८८ उघडावे. साऱ्या स्तोत्रसंहितेत इतके काळोखे स्तोत्र दुसरे नाही. ते काळोखातच संपते, शेवटी ना स्तुती, ना आभार. तरी ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. आपले धर्मगुरू आणि धर्मभगिनी दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत तेच म्हणतात. ज्याला दुसरे शब्द सुचत नाहीत त्याच्या वतीने त्या रात्री कुणीतरी ते म्हणत असते. आणि घरात कुणाची झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला असेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांकडे जाण्याने श्रद्धा उणी होत नाही.

या आठवड्यात घरच्या रोझरीनंतर यिर्मयाचा ३२ वा अध्याय वाचावा, १६ ते २५ ही वचने न गाळता. लहान ख्रिस्ती समूहात वाचणार असाल तर आपापल्या अडचणींची लांबण लावण्यापेक्षा, त्या अडचणीत राहूनच या आठवड्यात कोणते काम हाती घेता येईल तेवढे एकमेकांना सांगावे. एखादे थकलेले कर्ज असेल, त्याचा एक हप्ता. अबोला असेल, तर एक फोन.

यिर्मयाला ते शेत कसायला मिळाले नाही. शहर पडल्यावर त्याच्याच लोकांनी त्याला मिसर देशात नेले आणि तिथून तो परतल्याची नोंद नाही. मडक्याचे पुढे काय झाले याविषयीही शास्त्रात अक्षर नाही. मात्र अध्याय वाचून झाला की एज्राचे पुस्तक काढा, दुसरा अध्याय. बाबेलहून परत आलेल्यांची ती यादी आहे, नावे आणि आकडे, मिस्सात कुणी वाचायला घेतली तर आपण जांभया देऊ. तिच्या तेविसाव्या वचनावर बोट ठेवा : अनाथोथचे पुरुष, १२८.