आवाज बंद ठेवून खेळले, तिथेच चुकले

२०२२ साली ‘फायनल फँटसी सिक्स’ची नवी आवृत्ती फोनवर आली तेव्हा मी ती लगेच घेतली. रोज लोकलने डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत, हाच माझा खेळायचा वेळ. शेजारणीला त्रास नको म्हणून आवाज पूर्ण बंद. लढाया आपोआप लढायची सोय चालू, संवाद भराभर पुढे ढकललेले. दोन-अडीच महिन्यांत गेम संपवला आणि धाकट्या मावसभावाला सांगून टाकलं, “चित्रं जुनाट आहेत रे. लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. तू नको घेऊस.” माझ्या शब्दावर त्याने घेतला नाही.

ते मत द्यायचा मला अधिकारच नव्हता. मी अर्धाच गेम अनुभवला होता.

पुढच्या वर्षी पाय प्लास्टरमध्ये, म्हणून घरी बसून होते. हेडफोन लावले आणि तोच गेम पुन्हा सुरू केला. सुरुवातीला तीन अवजड यंत्रं बर्फातून दूरच्या दिव्यांकडे चालत जातात. लोकलमध्ये मला तिथे नुसते तीन ठिपके आणि नावांची यादी दिसली होती. आता टेराची धून कानात होती, बासरीसारखा एकाकी सूर आणि त्याखाली कवायतीचा ताल. त्या तिघांतली टेरा ही मुलगी स्वतःच्या मर्जीने चाललेली नाही, हे आता प्रत्येक पावलाला जाणवत होतं.

मूळ गेम १९९४ चा, सुपर फॅमिकॉम या कन्सोलवरचा. सगळा मिळून ३ मेगाबाइट. आज फोनवरचा एक फोटो अनेकदा त्याहून मोठा निघतो. एका वेळी ८ च आवाज वाजू शकत, त्यांच्यासाठी ६४ किलोबाइट मेमरी. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी एवढ्यातून जवळजवळ प्रत्येक पात्राला स्वतःची धून दिली. पात्रं १६ बाय २४ ठिपक्यांची. चेहऱ्यावर भाव दाखवायला जागाच नाही, म्हणून मान खाली घालणं, पाठ फिरवणं, बोट हलवणं एवढ्यावर अभिनय भागवलेला. बाकीचा भार संगीत उचलतं. ‘ग्राफिक्सला इतके गुण, संगीताला तितके’ असा हिशेब इथे लागूच पडत नाही.

याचा सगळ्यात मोठा पुरावा उत्तरार्धात आहे. जग उद्ध्वस्त झालेलं, नकाशा मातकट, जांभळट. तिथे फिरताना एक जड, उदास धून सोबत असते. मग हवाई जहाज हाती लागतं. जमीन तीच, रंगही तेच, पण संगीत बदलतं आणि हरवलेल्या सोबत्यांना शोधायला निघावंसं वाटतं. चित्रात काहीही न बदलता कथेची दिशा बदलते. आवाज बंद असल्यामुळे माझ्यासाठी पहिल्या वेळी तिथे काही घडलंच नव्हतं.

गेममधल्या ऑपेराच्या प्रसंगाबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. नव्या आवृत्तीत तो ७ भाषांमध्ये खऱ्या गायकांकडून गाऊन घेतलाय. गाणं सुरेखच आहे. पण मूळ गेममधला तो यंत्रातून निघालेला, थरथरता, शब्दांविना आवाज मला जास्त खरा वाटतो. त्यात गाणारी सेलिस ही सेनापती. नाइलाजाने रंगमंचावर उभी राहिलेली. कसलेल्या गायिकेचा गळा तिला शोभत नाही. तक्रारीही आहेत. जहाजातून दिसणारा नकाशा पसरट, अस्पष्ट दिसतो, आणि नेहमीच्या लढाईची धून विसाव्या तासाला कंटाळा आणते.

तुम्ही पहिल्यांदाच खेळणार असाल तर फोटो बघून मत बनवू नका. हा गेम स्थिर चित्रात कळत नाही. स्विच किंवा प्लेस्टेशनवरची २०२३ ची आवृत्ती मिळाली तर उत्तम, तिथे मूळ आणि नव्याने वाजवलेलं, दोन्ही संगीत निवडता येतं. दोन्ही ऐकून बघा. आपोआप लढायची सोय किरकोळ लढायांपुरती ठेवा. शेवटच्या लढाईत तर मुळीच नको. तिथलं संगीत चार भागांत उलगडतं आणि लढाई घाईने उरकली तर भाग तुटतात. आणि कुणाला ‘घेऊ नकोस’ सांगण्याआधी आपण तो कसा खेळलो, तेही सांगा.

मावसभावाला मी फोन करून माझं मत मागे घेतलं. लोकलसाठी दुसरा एखादा गेम निवडा. हा घरी, रात्री, हेडफोन लावून खेळा.