शेकडा तीन म्हणजे किती? सरळव्याजाचा पाठ आणि घरावरचं कर्ज



सातवीच्या गणितात 'बँक व सरळव्याज' हा पाठ आहे. आपण सगळे तो शिकवतो. मुद्दल, दर, मुदत, सूत्र, दोन उदाहरणं फळ्यावर, चार गृहपाठाला. मीही अनेकदा असाच शिकवला. एका वर्षी मात्र द.सा.द.शे. १० दराचं उदाहरण सोडवताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, बँकेचे दहा अन् आमच्याकडं तर शेकडा पाचनंच भेटतात. मंग बँकेपेक्षा सावकारच सस्ता ना?"

वर्गातल्या निम्म्या मुलांनी माना डोलावल्या. दहापेक्षा पाच लहान, यात चूक काय?

चूक त्या मुलाची नव्हती. पुस्तकातला दर वर्षाचा असतो. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. गावातला 'शेकडा पाच' हा महिन्याचा असतो, पण हे बोलताना कोणी सांगत नाही. सगळ्यांनी ते गृहीत धरलेलं असतं. म्हणून त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर एवढंच लिहिलं :

शेकडा १ (दरमहा) = द.सा.द.शे. १२
शेकडा २ (दरमहा) = द.सा.द.शे. २४
शेकडा ३ (दरमहा) = द.सा.द.शे. ३६
शेकडा ५ (दरमहा) = द.सा.द.शे. ६०

वर्ग शांत झाला. तो मुलगा वहीत ६० हा आकडा दोनदा गिरवत बसला. मी जास्त काही विचारलं नाही. कारण हे कोष्टक मी पुस्तकातून नाही, माझ्या स्वतःच्या घरात शिकले होते. आज तोच पाठ तुमच्यापुढे मांडते.

आमच्या घराचा हिशोब

२०११ साली डी.एड. झाले आणि शिक्षकभरतीची वाट बघत बसले. माझ्यासारख्या हजारो जणी बसल्या होत्या. लग्न होऊन सेलू तालुक्यात आले. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन, कापूस आणि थोडी तूर. मी एका खासगी शाळेत ४,५०० रुपयांवर शिकवत होते आणि संध्याकाळी शिकवण्या घेत होते. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन दुष्काळ आपल्या मराठवाड्यानं बघितले, ते तुम्हाला सांगायला नको.

जून २०१६ मध्ये पेरणीच्या तोंडावर पैसे नव्हते. त्या रात्री पहिल्यांदा घरातले सगळे एकत्र बसलो आणि माझ्या शाळेच्या वहीत कर्ज लिहून काढलं. तोपर्यंत कोणाचं किती देणं आहे हे सासऱ्यांच्या डोक्यात होतं, थोडं यांच्या डोक्यात होतं आणि सासूबाईंना त्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. वहीत उतरलं ते असं :

बँकेचं थकलेलं पीककर्ज : १,१०,०००
खासगी, शेकडा ३ नं : ८०,०००
सासूबाईंच्या पाटल्या तारण ठेवून : ४५,०००
खत-बियाण्याच्या दुकानाची उधारी : ३५,०००
माझ्या माहेरून, बिनव्याजी : ३०,०००
एकूण : ३,००,०००

तीन लाखांचा आकडा बघून सासरे उठून अंगणात गेले. त्यांना वाटत होतं, दीडेक लाख असेल.

मग मी खासगी कर्जाचा हिशोब केला. ८०,००० ला शेकडा ३ म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. वर्षाला २८,८००. कर्ज २०१३ साली घेतलेलं. तीन वर्षांत ८६,४०० रुपये व्याज गेलं होतं आणि मुद्दल ८०,००० जसंच्या तसं उभं होतं! आपल्याकडं 'दामदुपटी'चा जुना नियम आहे, की व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. आमचं तर मुद्दलापेक्षा जास्त व्याज भरून झालं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पहिली पायरी : आधी व्याज कमी करा, मग खर्च

इथं एक गोष्ट पालकांना मुद्दाम सांगते. कर्ज फेडायचं म्हटलं की आपण आधी भाजीवर, दुधावर घाव घालतो. पण ज्या बादलीला खाली भोक आहे, तिच्यात वरून किती तांबे ओतणार? आधी भोक बुजवावं लागतं. आमचं भोक होतं ते २,४०० रुपये.

सासूबाईंचा अकरा जणींचा बचत गट होता. त्या वर्षी गटाला बँकेकडून कर्ज मिळालं होतं आणि सदस्यांना ते शेकडा १ नं मिळणार होतं. सासूबाईंनी बैठकीत सगळं उघड सांगितलं. सांगताना त्यांना रडू आलं. चार माणसांत आपलं कर्ज सांगणं सोपं नसतं. पण ते ऐकून दोघींनी आपली मागणी त्या वर्षापुरती मागं घेतली आणि आम्हाला ५०,००० मिळाले. मोटारसायकल १८,००० ला विकली. माझ्या शाळेतल्या बारा जणींची हजार रुपयांची भिशी होती. त्यात माझा नंबर उशिरा होता, पण एका मैत्रिणीनं आपला नंबर मला दिला, ते १२,००० आले. झाले ८०,०००. खासगी कर्ज एका दिवसात संपलं.

आता व्याज किती? ५०,००० ला शेकडा १, म्हणजे ५०० रुपये. एक रुपयाचीही काटकसर न करता महिन्याला १,९०० रुपये वाचायला लागले.

दुसरी पायरी : काटकसर, पण कुठं?

आमची कात्री कुठं चालली ते सांगते :

- किराणा उधारीऐवजी महिन्यातून एकदा रोखीनं : ८००
- चौकातला चहा आणि तंबाखूची पुडी : ९००
- पेट्रोल (गाडीच नाही म्हटल्यावर) : ६००
- परसातली भाजी, न्हाणीच्या पाण्यावर : ४००
- टीव्ही आणि मोबाईलचं रिचार्ज : ३००

एकूण ३,०००. वरचे १,९०० धरून महिन्याला ४,९०० रुपये.

आणि तीन गोष्टींना हात लावायचा नाही असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : लेकराचं दूध, सासूबाईंची बीपीची गोळी आणि शाळेचा खर्च. जी काटकसर घरातल्या सगळ्यात गप्प माणसाच्या ताटातून होते, ती काटकसर नव्हे. बहुतेक घरांत ते ताट बाईचं असतं. सासूबाई सुरुवातीला गोळी दिवसाआड घेत होत्या आणि कोणाला सांगत नव्हत्या. पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं.

सगळ्यात अवघड गेला तो आहेर. लग्नसराईत प्रत्येक ठिकाणी साडी-चोळी नेणं बंद केलं. दोन घरच्यांनी नाक मुरडलं. बाकीच्यांना कळलंसुद्धा नाही. आपल्याला वाटतं तेवढं लोक आपल्या आहेराकडं बघत नसतात.

तिसरी पायरी : सावड

मजुरी हा कोरडवाहू शेतकऱ्याचा मोठा खर्च. सासऱ्यांनी जुनी गोष्ट पुन्हा सुरू केली. सावड! शेजारची चार घरं एकत्र आली. आज तुमच्या रानात खुरपणी, उद्या आमच्या. पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत, फक्त कामाचे दिवस फिटले पाहिजेत. सोयाबीनची काढणीही अशीच केली. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण परीक्षेत विचारतो, तिचा अर्थ मला त्या वर्षी रानात कळला.

दुकानाच्या उधारीचंही असंच. तिच्यावर व्याज लिहिलेलं नसतं, पण उधारीचा दर रोखीपेक्षा चढा असतो आणि कधी कधी माल त्याच व्यापाऱ्याला घालावा लागतो. चार घरांनी मिळून खत रोखीनं एकत्र आणायला सुरुवात केली.

मध्ये एकदा गाडी रुळावरून घसरली. २०१८ मध्ये सासरे आजारी पडले, दवाखान्यात बचत गेली आणि गटाचे तीन हप्ते थकले. गटाच्या अध्यक्षाबाई घरी आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या म्हणाल्या, "हप्ता आम्ही चौघींनी भरलाय, गटाचं नाव बँकेत खराब व्हायला नको. तुम्ही आम्हाला सुगीवर द्या." सुगीवर आम्ही सगळ्यात आधी त्या चौघींचे पैसे दिले.

खरं ते सांगायला हवं. पीककर्ज आम्ही फेडलेलं नाही. २०१७ च्या राज्य शासनाच्या कर्जमाफीत ते गेलं. पण ती माफी बँकेच्या कर्जाला होती. तारण, उधारी, गट आणि नातेवाईक यांना माफी नसते. ते १,६०,००० रुपये आम्ही स्वतः फेडले. माहेरचे पैसे बिनव्याजी होते म्हणून शेवटी ठेवले, पण दादाला दर महिन्याला ५०० रुपये देत राहिले. रक्कम लहान होती, तरी शब्द राहिला.

२०१९ च्या दिवाळीत वहीतली शेवटची ओळ खोडली. त्याच दिवाळीत परतीच्या पावसानं काढलेलं सोयाबीन भिजून त्याला मोड आले. नुकसान मोठं होतं. पण त्या वर्षी आम्ही कोणाच्या दारात गेलो नाही. त्याच वर्षी मी शिक्षणसेवक झाले होते, मानधन सहा हजार, आणि ते पूर्ण घरात येत होतं.

थोडा इतिहास

मुलांना सांगताना मी तीन प्रसंग सांगते. संत तुकारामांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. दुसरा, १२ मे १८७५ चा. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. हा उठाव पुणे-नगर भागात पसरला आणि ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तिसरा प्रसंग शांततेचा आहे. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकेला जोडण्याचं काम सुरू केलं. आपल्या राज्यात १९७५ साली स्थापन झालेलं 'माविम' आणि पुढं 'उमेद' यांनी ते गावोगाव नेलं. कागद बुडवून झाले, जाळून झाले. आता बायका ते स्वतः लिहितात. गटाची पंचसूत्री मुलांना पाठ करायला हरकत नाही : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशोब.

पालकांनी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. महाराष्ट्रात सावकारी करायला परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्यासाठी तारण कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जाला १२ टक्के दर ठरवून दिला आहे. म्हणजे महिन्याला शेकडा १ च्या वर नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करता येते. दुसरं, बायकांना गोळा करून कर्ज वाटणारा प्रत्येक गट हा बचत गट नसतो. जिथं आधी बचत नाही, लगेच कर्ज आणि आठवड्याला वसुली आहे, तिथं सही करण्याआधी वर्षाचा दर काढून बघा. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घेऊ नका.

वर्गासाठी उपक्रम

१. चिंचोक्यांचा गट : दहा मुलांचा गट करा. दर शनिवारी प्रत्येकी २ चिंचोके बचत. गरजूला १० कर्ज, परत करताना ११. अध्यक्ष, सचिव आणि हिशोबाची वही मुलांचीच. आठ आठवड्यांत १६० चिंचोके बचत आणि वर व्याज जमतं. एखादा हप्ता विसरला तर गट काय करतो, यावर खरी चर्चा होते.

२. दर ओळखा : 'शेकडा २', 'रोज शंभराला एक रुपया' अशा बोलीतल्या दरांचा वार्षिक दर काढायला द्या. रोज शंभराला एक म्हणजे वर्षाला ३६५ टक्के! मुलांचे डोळे बघा.

३. घरखर्चाची वही : आठवडाभराचा खर्च काल्पनिक कुटुंबाचा द्या, मुलांच्या घरचा नको.

हे तिसरं जरा ठासून सांगते. वर्गात कोणाच्याही घरचं कर्ज विचारू नका. मुलं खरं बोलतात आणि संध्याकाळी ते गावभर होतं. ज्या घरात आधीच घालमेल आहे, तिथं ती लाज सोसवत नाही. आपल्या जिल्ह्यानं कर्जापायी गेलेली माणसं पाहिली आहेत. एखादं मूल गप्प झालं, शाळेत येईना, तर घरी जाऊन या. पालकांना मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा शासनाचा मोफत क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं पुढं काय झालं? आठ दिवसांनी त्याची आई शाळेत आली. पदराआड एक चिठ्ठी होती. म्हणाली, "मॅडम, पोरगं म्हणतंय साठ टक्के होतात. कामून एवढे होतात, मला समजावून सांगा." आम्ही वर्ग सुटल्यावर त्याच फळ्यावर हिशोब केला. त्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पण ती आता गावातल्या गटात आहे आणि घरातलं देणं तिच्या वहीत, तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

पालकहो, आज रात्री जेवणं झाल्यावर तुम्हीही एक वही घ्या. सगळे मिळून बसा. देणं लिहा, समोर महिन्याचा दर लिहा आणि त्याला बारानं गुणा. गुणाकार येत नसेल तर सातवीतल्या लेकराला विचारा. त्याला येतो.