खासगी वैमानिक परवाना : वयाची अट आणि तिचा अर्थ

भारतात मोटारगाडी चालविण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. विमान चालविण्याचा खासगी परवाना मात्र १७ व्या वर्षी मिळू शकतो. वरकरणी ही विसंगती वाटते. परंतु विमानचालनात वयाची अट कधीच एकटी नसते. प्रशिक्षण, परीक्षा, आरोग्य आणि जबाबदारी यांच्याशी ती बांधलेली असते.

परवान्यांच्या चार पायऱ्या

देशात वैमानिकांना परवाने देण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे. १९३७ च्या विमान नियमांपासून चालत आलेल्या रचनेत विमानचालकाच्या वाटचालीत चार प्रमुख पायऱ्या आहेत. शिकाऊ वैमानिकासाठी किमान वय १६, खासगी वैमानिकासाठी १७, व्यावसायिक वैमानिकासाठी १८, तर प्रवासी विमानाचे प्रमुखपद भूषविण्यास लागणाऱ्या सर्वोच्च परवान्यासाठी २१ वर्षे.

यांपैकी १७, १८ आणि २१ हे आकडे केवळ भारताचे नाहीत. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात हीच मर्यादा आहे. म्हणूनच अमेरिका आणि ब्रिटन येथेही विमानाचा खासगी परवाना १७ व्या वर्षीच मिळतो. शिकाऊ वैमानिकाचे वय मात्र प्रत्येक देश ठरवितो. कॅनडात ते १४ आहे.

वयाबरोबर वाढणारी जबाबदारी

शिकाऊ वैमानिक प्रशिक्षकाच्या अनुमतीने एकटा उड्डाण करू शकतो, पण सोबत प्रवासी नेऊ शकत नाही. खासगी परवानाधारक प्रवासी नेऊ शकतो. मात्र त्याबद्दल मोबदला घेऊ शकत नाही. मोबदल्यासाठी विमान चालवायचे तर व्यावसायिक परवाना हवा. म्हणजे वयाची पायरी चढते, तसतसे इतरांचे प्राण वैमानिकाच्या हाती सोपविले जातात.

खासगी परवान्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे, वैद्यकीय तपासणीत पात्र ठरणे, हवाई नियम, दिक्चालन व हवामानशास्त्र यांसारख्या विषयांची परीक्षा देणे आणि किमान ४० तासांचा उड्डाणानुभव घेणे आवश्यक असते. त्यात १५० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा, एकट्याने केलेला हवाई प्रवास आणि त्या प्रवासात दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरणे अपेक्षित असते. हवामान बिघडले तर पुढे जायचे की मागे फिरायचे, हा निर्णय तेव्हा त्या उमेदवारालाच घ्यावा लागतो.

इतिहासातील दोन उदाहरणे

भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी भारत आणि इंग्लंड यांदरम्यान एकट्याने विमान नेण्याबद्दल आगाखान यांनी ठेवलेले पारितोषिक ॲस्पी इंजिनिअर यांनी टाटांना मागे टाकून जिंकले. त्यांचे वय अवघे १७ होते. १९६० मध्ये ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. रीतसर शिक्षण मिळाल्यास या वयातील तरुण काय करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. एप्रिल १९९६ मध्ये अमेरिका ओलांडण्याचा विक्रम करू पाहणारी सात वर्षांची मुलगी, तिचे वडील आणि प्रशिक्षक वायोमिंग राज्यातील शायेन येथे विमान कोसळून मृत्युमुखी पडले. कायद्याने विमानाची जबाबदारी प्रशिक्षकाचीच होती. बिघडत्या हवामानात, मर्यादेपेक्षा अधिक वजन असताना केलेले उड्डाण चौकशीत दोषास्पद ठरले. ठरलेले वेळापत्रक पाळण्याच्या हट्टाचाही त्यात उल्लेख झाला. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून विक्रमाच्या प्रयत्नात परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती विमानाचे नियंत्रण देण्यास मनाई केली.

पालकांनी लक्षात घ्यावयाच्या बाबी

वयाची अट काळाबरोबर आपोआप पूर्ण होते. इतर अटी तशा होत नाहीत. म्हणून प्रशिक्षण शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे हिताचे. दृष्टी, श्रवण किंवा हृदयाचा दोष नंतर उघड झाला, तर कर्ज काढून भरलेले पैसे वाया जाण्याचा धोका असतो. खासगी परवाना हे नोकरीचे साधन नाही, हेही कुटुंबाने आधीच समजून घ्यावे.

प्रशिक्षणाच्या सोयी महानगरांबाहेर नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. रायबरेलीजवळील फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जागा देण्यात आल्या. लहान शहरांतील मुलामुलींना वयाची अट कधीच अडविणारी नव्हती. अंतर आणि खर्च हेच खरे अडथळे होते. यांपैकी अंतर कमी होऊ लागले आहे. खर्चाचा भार हलका झाला, तरच सतराव्या वर्षी मिळणारी ही संधी सर्वांसाठी खरी ठरेल.