आंबेडकरी जलसा आणि अंतेवासी परंपरा

आंबेडकरी गीतांच्या जुन्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना अनेक गीतांच्या माथ्यावरील एक लहानशी ओळ आठवत असेल : ‘चाल – अमुक गाण्याची’. तेथे स्वरलिपी नसते, तालाचा निर्देश नसतो. पुस्तिका छापली गेली तेव्हा ते मूळ गाणे सर्वांच्या ओठांवर होते, म्हणून एवढा निर्देश पुरेसा होता. आज ते मूळ गाणेच विस्मरणात गेले असेल, तर सारे शब्द शाबूत असूनही गीत मुके होते. लोकपरंपरा एका पिढीकडून दुसरीकडे कशी जाते, या प्रश्नाचा विचार आम्ही येथूनच करू इच्छितो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सिंहलद्वीपात इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक लिपिबद्ध झाले. तोवर बुद्धवचन भाणकांच्या कंठात राहिले. दीघनिकाय मुखोद्गत करणारे दीघभाणक, मज्झिमनिकायाचे मज्झिमभाणक. नवदीक्षित भिक्षू कितीही बुद्धिमान असला, तरी त्याने किमान ५ वर्षे आचार्यांच्या आश्रयाने राहावे, असा विनयाचा नियम आहे. अशा शिष्याला पालीत ‘अंतेवासिक’ म्हणतात. म्हणजे जवळ राहणारा. निवासी शाळेत वाढलेल्यांना हा शब्द परका वाटू नये.

जलसाही असाच जवळ राहून शिकला गेला. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन तो प्रबोधनाच्या कामी लावला. पुढे १९३०च्या दशकात नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आंबेडकरी चळवळीशी जोडला. गणातील गणेशस्तवनाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आले, शृंगारिक लावणी मागे पडली, वगात अस्पृश्यता आणि शिक्षण हे विषय आले. हा सारा बदल करणारे कलावंत तमाशाच्या फडाची रीत जाणणारे होते, हे विसरू नये. जुने अंगी मुरलेले होते, म्हणूनच त्यांना नवे घडविता आले.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. अक्षरओळख झाली तेव्हा ते प्रौढ होते. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि त्यानंतर उभे आयुष्य गावोगाव गात काढले. त्यांच्या शिष्यांपैकी प्रतापसिंग बोदडे स्वतः नामवंत गीतकार झाले. आम्हाला यातच गुरूचे खरे यश दिसते. शिष्याने गुरूची गीते पाठ केली, एवढ्याने परंपरा चालत नाही. नवे गीत रचण्याची रीत त्याच्या हाती यावी लागते. चालीत शब्द कोठे ताणावा, श्रोते पांगू लागले तर कोणते कडवे पुढे घ्यावे, झीलकऱ्यांनी नेमके केव्हा उचलावे, हे पुस्तकात सापडत नाही. ध्वनिफितीतही ते अर्धेच सापडते, कारण तेथे श्रोते दिसत नाहीत.

अमेरिकेतील अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात जुनी कथागीते ‘गुडघ्याला गुडघा लावून’ शिकवली जातात, असा वाक्प्रचार आहे. आपल्या झीलकऱ्याचे शिक्षण याहून निराळे नाही. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राची गुरू-शिष्य परंपरा योजना याच तत्त्वावर उभी आहे; तीत गुरू, साथीदार आणि शिष्य यांना मानधन मिळते. मानधन हवेच, कारण उपाशी गुरू किती काळ शिकवील? परंतु गाण्याला प्रसंगही हवा. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचा आवाज चढला की शाहिराला उभे राहायला जागा उरत नाही, आणि नवशिक्याला तर मुळीच नाही.

केळझर आणि सेलूच्या परिसरातील आपल्या घरांतून अजूनही एखादी आजी किंवा एखादे वृद्ध उपासक जुन्या चाली गुणगुणतात. माजी विद्यार्थ्यांनी त्या ऐकून घ्याव्यात, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित कराव्यात. मूळ गाणे कोणते आणि ते त्यांनी कोणाकडून उचलले, हेही लिहून ठेवावे. पालकांकडे आमचे मागणे वेगळे आहे. पुढील १४ एप्रिलला मंचावर ढोलकी वाजत असेल, तेव्हा मुलांना श्रोत्यांत बसवू नये. एकाच्या हाती तुणतुणे, दुसऱ्याच्या हाती झांज देऊन झीलकऱ्यांच्या रांगेत उभे करावे.