समुद्राचा तळ 'पातळ' होतो तेव्हा...



मातीचे प्रकार शिकवताना एका मुलाने विचारलं, "सर, मुंबई हायचा गॅस समुद्राखालच्या पाइपमधून उरणला येतो. मग लाटांनी तो पाइप उचलला जात नाही का?" प्रश्न भारी होता! उत्तर मातीतच दडलंय.

समुद्रतळाच्या मातीत कणांच्या फटींमध्ये पाणी भरलेलं असतं. लाटेचा माथा वरून गेला की तळावरचा दाब वाढतो, खळगा आला की कमी होतो. या सततच्या ये-जा मुळे सैल कण एकमेकांजवळ सरकू पाहतात. त्यासाठी फटींतलं पाणी बाहेर पडायला हवं. ते अडकलं तर त्याचा दाब साठत जातो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि तळ घट्ट पिठल्यासारखा वाहू लागतो. यालाच द्रवीकरण म्हणतात. अशा वेळी जड दगड खाली रुततात आणि पुरलेला पोकळ, हलका पाइप वर येऊ शकतो.

पण लाट तीच असली तरी प्रत्येक माती वेगळी वागते:

• जाड वाळू, खडी : फटी मोठ्या, पाणी झटकन निघून जातं. धोका कमी.
• सैल बारीक वाळू, गाळ : फटी बारीक, कण एकमेकांना चिकटतही नाहीत. धोका सर्वांत जास्त.
• चिकणमाती : पाणी अडकतं, पण कण एकमेकांना धरून ठेवतात. मात्र अगदी मऊ चिखलही लाटांनी ढवळून पातळ होतो. केरळात आलप्पुळाजवळ पावसाळ्यात असा चिखल लाटांचाच जोर मोडतो आणि तिथे समुद्र शांत होतो!

खोल पाण्यात लाटेचा परिणाम तळापर्यंत कमी पोहोचतो. म्हणून उथळ किनाऱ्याजवळ पाइप किंवा बंधारा बांधताना आधी तळाची माती तपासावी लागते. बंदरांवर लाटा कशा आदळतात, हे छोट्या प्रतिकृती करून अभ्यासणारी १९१६ सालची संस्था आपल्या खडकवासल्यालाच आहे : केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र.

वर्गात करून बघा : तीन डब्यांत पाणी घेऊन बारीक वाळू, खडी आणि शाडू अलगद भरा. प्रत्येकात पिंगपाँगचा चेंडू पुरा, वर एक जड नट ठेवा आणि डब्याला टिचक्या मारा. टिचक्या म्हणजे लाट नव्हे, त्या भूकंपासारख्या. पण पाणी अडकण्याचं तत्त्व तेच. कुठे नट रुततो, कुठे चेंडू वर येतो, हे आधी मुलांना ओळखायला सांगा. कारण मात्र त्यांनाच शोधू द्या.