वाल्या वाटमारी का करायचा?



मागच्या अभ्यासात आपण वाल्याची गोष्ट वाचली. त्यावर दांडिया बाजारच्या एका कुटुंबातून प्रश्न आला, "ताई, वाल्या बदलला हे कळलं, पण मुळात तो वाटमारी का करायचा?" गोष्टीत उत्तर आहेच, कुटुंब पोसायला. पण माणूस गुन्हा का करतो यावर जगात पुष्कळ जणांनी डोकं लावलंय, त्यातलं थोडं बघू या.

१८७६ साली इटलीतल्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरांनी कैद्यांच्या कवट्या, जबडे, कान मोजून पुस्तक लिहिलं. काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते अंगावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे इंग्लंडमधले तुरुंगाचे डॉक्टर गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मापं घेतली, साध्या लोकांशी ताडून पाहिली आणि १९१३ मध्ये लिहिलं की असा वेगळा साचा काही सापडत नाही.

आपल्याकडे तर १८७१ मध्येच इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती 'गुन्हेगार' म्हणून नोंदवायला सुरुवात केली होती. पोलिसांकडे हजेरी लावायची, गावाबाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. अशा घरात जन्मलेल्या तान्ह्या बाळाने कोणाचं काय चोरलं असेल, सांगा! ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला, तेव्हापासून या जमाती 'विमुक्त'. कागदावर शिक्का पुसला, लोकांच्या तोंडातून गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचलं नसेल तर जरूर वाचा.

आणि लांब कशाला, अहमदाबादचं छारानगर घ्या. तिथल्या मुलामुलींनी १९९८ मध्ये 'बुधन थिएटर' सुरू केलं. त्यामागे लेखिका महाश्वेतादेवी होत्या, आणि आपल्या वडोदऱ्याच्या म. स. विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले गणेश देवी होते. 'बुधन' हे नाव बंगालमधल्या शबर जमातीच्या बुधनचं. त्याच वर्षी तो पोलिसांच्या मारहाणीत गेला होता. नुसता पत्ता सांगितला की काम मिळत नाही, हे या मुलांनी नाटकातून मांडलं. दार सगळीकडे बंद, मग पोट कशाने भरायचं? म्हणजे शिक्का आधी, चोरी नंतर, असंही होतं.

शिकागो शहरात शॉ आणि मॅके या दोघा अभ्यासकांनी असंच काही पाहिलं. एका पडक्या वस्तीत आधी एका देशाचे लोक राहिले, ते गेल्यावर दुसऱ्या देशाचे आले, तरी तिथल्या मुलांचे गुन्हे तेवढेच राहिले. जे कुटुंब चांगल्या भागात गेलं, त्याची मुलं सुधारली. दोष रक्तात असता तर तो त्यांच्याबरोबर गेला असता ना?

गरिबी हे एकच कारण मात्र मला पटत नाही. बहुतेक गरीब माणसं कष्टानेच खातात, आणि बँका बुडवणारे चांगले शिकलेले असतात. सदरलँड नावाचे प्राध्यापक म्हणायचे की गुन्हा हा जवळच्या माणसांत राहून शिकला जातो. आपण याला संगत म्हणतो. पण संगत म्हणजे आता फक्त शेजारी आणि मित्र नाहीत.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज मोबाईलवर आधीच पसरले होते. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच्या काही दिवस आधी अहमदाबादच्या वाडजमध्ये भटक्या समाजातल्या एका भिक्षेकरी बाईचा असाच जीव गेला. मारणारे कोण? बाजाराला आलेली साधी माणसं. लोम्ब्रोसोने त्यांचे कान मोजले असते तर काहीसुद्धा निघालं नसतं! त्या दिवशी गुन्हेगार 'जन्मजात' नव्हते, पण 'ही माणसंच तसली' हा समज मात्र लहानपणापासून कानावर पडलेला होता.

आपल्या कुटुंब-ग्रुपवरही 'अमक्या टोळीपासून सावधान' असे मेसेज येतात. गेल्या महिन्यात आले, ते सेविकांनी काढून टाकले. असा मेसेज आला तर पुढे न पाठवता आधी आपल्या केंद्राच्या सेविकेला दाखवा. खरंच काळजीचं असेल तर पोलीस चौकीत फोन करा.

गुरुवारच्या घरच्या वाचनात मुलांना सोबत बसवून यावर बोला: वाल्या भेटला तेव्हा नारदांनी त्याची जात विचारली का? मग काय विचारलं? आणि आपल्या घरात कोणाबद्दल, न भेटताच, 'तसलेच ते' असं बोललं जातं? उत्तरं शनिवारपर्यंत पाठवा. लहान मुलांची आधी घेऊ.